कोपनहेगन, बसच्या वरच्या मजल्यावरून

पोरगं डेन्मार्कला नोकरीला लागलं की आईबापाची कोपनहेगनवारी ठरलेलीच. आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतून निघणारे आधी मला गाठतात. त्यांना सांगते तेच इथं.

चढ-उतार बसचं (हॉप-ऑन हॉप-ऑफ; एकाच तिकिटावर कुठंही उतरा, मागून येणाऱ्या बसमध्ये परत चढा) तिकीट घेताना वेळ कधीपासून मोजतात आणि शेवटची बस किती वाजता, हे दोन्ही विचारा. पहिला फेरा खाली न उतरता पुरा करा; कुठं रमायचं ते कळतं. वर बसायचं तर जूनमध्येही स्वेटर हवाच, समुद्राचा वारा कान बधिर करतो.

जलपरीपाशी जास्त वेळ घालवू नका. १९१३ चा पुतळा, उंची जेमतेम सव्वा मीटर, गर्दीच मोठी. त्यापेक्षा बाराच्या आत आमालियनबोर्ग राजवाडा गाठा. रोझेनबोर्ग किल्ल्याकडून साडेअकराला निघालेले अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्यांतले शिपाई तिथं येतात, पहारा बदलतो. जुन्या राजवाड्यापुढं वाढलेल्या आपल्याला ते बघायला मजा येते.

तिथून न्यूहाउन चालत जा. सतराव्या शतकात खणलेला कालवा, काठाला रंगीत घरं. २० नंबरात परीकथा लिहिणारे हान्स अँडरसन राहायचे. काठावरच्या हॉटेलांत खिसा कापला जातो, चटणी-भाकरी पिशवीत असू दे. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

आणि उतरताना आधी बघा! फूटपाथला लागूनच सायकलींचा रस्ता असतो, पोरंबाळं घेऊन सुसाट येतात. डिसेंबरात गेलात तर पावणेचारलाच अंधार पडतो, म्हणून बस सकाळीच धरा.