फोंड्यातील जुना संगणक आणि विंडोज ११

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर फोंड्यातील घरच्या संगणकावर विंडोज ११ घालायचे ठरवले. परंतु आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर पात्र असूनही तपासणीत टीपीएम २.० (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) नसल्याचाच शेरा येत राहिला. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीच्या सेटिंगमध्ये, पीटीटी (इंटेलची अंगभूत टीपीएम) बंद होते. ते सुरू केले, तरी सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची प्रणालीच चालू देणारी सोय) अडून बसले, कारण डिस्कची मांडणी नव्या जीपीटीऐवजी जुन्या एमबीआर पद्धतीची होती. परतीच्या पावसात वीज जाण्याची धास्ती असल्याने यूपीएस जोडून, वडिलांचे बागायतीचे हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरवून मगच एमबीआर२जीपीटी ही विंडोजमधलीच आज्ञा आधी पडताळणीसाठी आणि नंतर प्रत्यक्ष रूपांतरासाठी चालवली. त्यानंतर बायोस लेगसी या जुन्या पद्धतीवरून यूईएफआय या नव्या पद्धतीवर न्यावाच लागतो. तेवढेच विसरल्यामुळे दहा मिनिटे काळ्या पडद्यापुढे बसून काढली.