सीकेएमची गणितं करताना या चुका टाळा (आणि आधी फाइनमन डायग्राम काढा!)

नेट-गेटचा सीझन आला की नवीन पोरं येतात आणि चुका मात्र त्याच जुन्या घेऊन येतात. वीक इंटरॅक्शनवर (क्वार्कचा प्रकार बदलणारं बल) आणि सीकेएमवर (कॅबिबो-कोबायाशी-मास्कावा मॅट्रिक्स, कोणता क्वार्क कोणत्यात किती बदलतो त्याचा तक्ता) प्रश्न येऊन येऊन किती येणार, म्हणून कोणीतरी बनवलेला एका पानाचा चार्ट पाठ करायचा, आणि प्रश्न जरा फिरवून आला की बोंब. एकदाच काय ते लिहून टाकतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे आधी स्क्वेअर आणि मग बेरीज. मागे एमएस्सीचा एक मुलगा लाँग-लिव्ड न्यूट्रल केऑनचा (स्ट्रेंज क्वार्कवाला कण) म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) जोडीत होणारा डिके घेऊन आला. मुलगा हुशार, वही नीटनेटकी, लूपमधली (डायग्राममधलं बंद वर्तुळ) अप क्वार्कची टर्म काढलेली, चार्मची काढलेली, दोघींचा वेगवेगळा स्क्वेअर करून बेरीज मारलेली आणि उत्तर अवाच्या सवा आलं म्हणून हा बसलाय इंटिग्रल पुन्हा पुन्हा तपासत! इंटिग्रल ठीकच होतं रे. अपच्या दोन वर्टेक्सच्या (डायग्राममध्ये रेषा जुळतात ते बिंदू) फॅक्टरचा गुणाकार म्हणजे कॅबिबो अँगलचा (क्वार्क मिसळण्याचा कोन) साइन गुणिले कॉस, आणि चार्मचा तेवढाच, पण उणे. ते उणे स्क्वेअरने खाल्लं. अप आणि चार्मचं वस्तुमान सारखं असतं तर दोन्ही टर्म पूर्ण कटल्या असत्या, उरतं ते फक्त वस्तुमानातल्या फरकामुळे. चार्ज्ड केऑन 100 पैकी 63-64 वेळा म्युऑन-न्यूट्रिनोत जातो, आणि हा न्यूट्रलवाला म्युऑनच्या जोडीत अब्जात जेमतेम 7 वेळा, तेही जवळजवळ सगळे दोन फोटॉनच्या वाटेने. ग्लॅशो, इलिओपोलस आणि मायानींनी 1970 मध्ये ह्याच उण्यासाठी चौथा क्वार्क मागितला आणि नोव्हेंबर 1974 मध्ये चार्म खरंच सापडला. ज्या मायनसवर अख्खा क्वार्क उभा राहिला तो आमचा पठ्ठ्या स्क्वेअर करून घालवतो!

माझी सवय सांगतो. प्रत्येक डायग्रामखाली त्याचा फॅक्टर चिन्हासकट पेनाने लिहायचा, आणि शेवटचा डायग्राम होईपर्यंत स्क्वेअरला हात लावायचा नाही. सॉफ्टवेअर त्यानंतर. कोणाला हे वेळखाऊ वाटतं, वाटू दे.

दुसरी म्हणजे बार, म्हणजे अँटी-क्वार्कवरची आडवी रेघ, विसरणं. डी-झीरो मेसॉन घ्या, चार्म आणि अँटी-अप. तो के-मायनस पाय-प्लसमध्ये (केऑन आणि पायॉन) जातो आणि के-प्लस पाय-मायनसमध्येही जातो. चार्ज जुळतोय ना, मग दोन्ही सारखेच, असं लिहून पोरं पुढे पळतात. अरे, पहिल्यात चार्मचा स्ट्रेंज होतो आणि डब्ल्यूमधून (वीक बल वाहणारा कण) अप आणि अँटी-डाऊन निघतात, म्हणजे दोन्ही फॅक्टर 0.97 च्या आसपास. दुसऱ्यात चार्मचा डाऊन, डब्ल्यूमधून अप आणि अँटी-स्ट्रेंज, दोन्ही 0.22 च्या आसपास. रेट काढला की दुसरा पहिल्याच्या हजारात साधारण 3. मी मार्जिनमध्ये आधी क्वार्क कंटेंट बारसकट लिहितो, मगच रेषा ओढतो.

बाकीच्या पटापट. वीक म्हणजे कपलिंग बारीक, हे डोक्यातून काढा. ते 0.65 च्या आसपास आहे, इलेक्ट्रोमॅग्नेटिझमचं 0.3. कमी एनर्जीला जोर दिसत नाही कारण डब्ल्यू 80 जीईव्हीचा जड. टॉप क्वार्क डब्ल्यूपेक्षाही जड, म्हणून तो ह्याच 'वीक'ने हॅड्रॉन (क्वार्क बांधून झालेला कण) बनायच्या आत संपतो.

ट्री लेव्हलला (लूप नसलेल्या डायग्राममध्ये) झेड, म्हणजे डब्ल्यूचा न्यूट्रल जोडीदार, फ्लेवर (क्वार्कचा प्रकार) बदलत नाही. कितीही सोयीचं वाटलं तरी नाही.

डाऊन टाइपचे क्वार्क (डाऊन, स्ट्रेंज, बॉटम) मिक्स होतात, अप टाइपचे (अप, चार्म, टॉप) नाही, हा नुसता लिहिण्याचा रिवाज आहे, निसर्गाचा नियम नाही.

सीकेएममधले फेज मोजताना 6 मधून 6 वजा करणारे दरवर्षी भेटतात. 3 बाय 3 युनिटरी मॅट्रिक्समध्ये 9 पॅरामीटर, 3 अँगल, 6 फेज. क्वार्क फील्ड 6 असली तरी सगळ्यांना एकच फेज दिला तर मॅट्रिक्समध्ये काहीच बदलत नाही, म्हणून 5 च जातात आणि 1 उरतो. तोच कोबायाशी आणि मास्कावांचा 1973 चा फेज, सीपी व्हायोलेशनवाला (मॅटर आणि अँटीमॅटरच्या वागण्यातला फरक). दोन जनरेशनमध्ये (क्वार्कच्या दोनच जोड्या असतील तर) एकही उरत नाही.

आणि मॅट्रिक्स दोन डेसिमलवर राउंड करू नका. व्ही-यूबी (अप आणि बॉटममधला आकडा) 0.004 च्याही खाली आहे, त्याचा 0.00 करून ठेवतात आणि मग मलाच विचारतात, सर, सीपी व्हायोलेशन शून्य का येतंय?