अडकलेला ऑइल फिल्टर

माझ्या इंटरसेप्टर ६५० बाइकचा ऑइल फिल्टर आधीच्या मेकॅनिकने इतका आवळला होता की हात सोलले, तरी तो हलेना. स्क्रूड्रायव्हर ठोकून आरपार घालू नका. पत्रा फाटतो आणि पकडायला काही उरत नाही. इंजिन पाच मिनिटं गरम करा, ऑइल काढा, फिल्टर कोरडा पुसा. पॉलिश पेपरची खरखरीत बाजू फिल्टरकडे ठेवून तो गुंडाळा, वरून पट्ट्याचा पाना इंजिनाकडच्या टोकाजवळ लावा. तिथे डबा चेपत नाही. माझा 'कट्ट' करून सुटला.

जुनी रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, बोट फिरवून बघाच! नव्या रिंगला ऑइल चोळा, फिल्टर हातानेच आवळा. ड्रेन बोल्टचा (ऑइल काढायच्या बोल्टचा) वॉशर नवा घाला. ऑइल १०डब्ल्यू-५० ग्रेडचं.