4 किलोमीटरवरचं हॉटेल

नोकरीतल्या पहिल्या टूरवर मी उतरले ते हॉटेल क्लायंटच्या ऑफिसपासून 4 किलोमीटरवर होतं. रविवारी रात्री पोचल्यावर मोठ्या हुशारीने मॅप उघडून बघितला: 14 मिनिटं. सोमवारी साडेनवाच्या मीटिंगसाठी पावणेनऊला खाली उतरले आणि दहा वाजून पाच मिनिटांनी पोचले. मधे रेल्वेलाइन होती, ती ओलांडायला एकच पूल, आणि त्या वेळी अख्खं शहर त्याच पुलावर चढत होतं. मी आत शिरले तेव्हा प्रेझेंटेशन सातव्या स्लाइडवर होतं. स्लाइड्स माझ्याच होत्या, समजावून सांगत होते आमचे मॅनेजर.

तेव्हापासून हॉटेल शोधायची माझी पद्धत उलटी झाली. आधी मीटिंगचा पत्ता मॅपवर टाकते, त्याच्या जवळचं मेट्रोचं किंवा लोकलचं स्टेशन बघते आणि मग त्याच लाइनवर, गाडी बदलावी न लागता येता येईल अशा स्टेशनांच्या आसपास हॉटेलं चाळते. गाडी बदलणं मॅपवर 4 मिनिटांचं दिसतं; गर्दीच्या वेळी जिने, भुयारं आणि सोडून द्यावी लागलेली एखादी भरलेली गाडी धरली तर त्याची 15 सहज होतात. मॅपमध्ये निघण्याची वेळ बदलता येते, हे नव्या मुलांपैकी निम्म्यांना ठाऊक नसतं. तिथे कामाच्या दिवसाची सकाळची साडेआठची वेळ टाका आणि मग आकडा बघा. कारसाठी तो '25 ते 60 मिनिटं' असा पसरट दिसला, तर 60 खरं धरायचं.

आणखी एक गोष्ट मॅप सांगत नाही. मीटिंगची खोली इमारतीच्या दारात नसते. गेटवर नाव नोंदवा, ओळखपत्र दाखवा, व्हिजिटर पास घ्या, मग लिफ्टच्या रांगेत उभे राहा. मोठ्या टॉवरमध्ये याला मी 20 मिनिटं धरते, पहिल्या दिवशी 30.

दोन मीटिंगा शहराच्या दोन टोकांना असतील तर सकाळच्या मीटिंगजवळ राहा. संध्याकाळी परतायला उशीर झाला तर फार तर जेवण लांबतं. क्लायंट शहराबाहेरच्या बिझनेस पार्कमध्ये असेल तर गावात राहून बाहेर जाणं कधीकधी सोपं पडतं, कारण सकाळी गर्दी गावाकडे येत असते आणि तुम्ही उलट्या दिशेने निघालेले असता. विमानतळाजवळच्या हॉटेलचा मोह मात्र आवरा. भल्या पहाटेचं विमान असेल तर त्या एका रात्रीपुरतं ठीक. तीन दिवसांच्या कामासाठी तिथे राहिलात, तर विमानतळाची एक फेरी वाचवायला रोजच्या सहा फेऱ्या लांबवता.

हॉटेलच्या स्टारवर मी फारसं जात नाही. जगभर लागू होईल असं स्टारचं एकच मोजमाप नाही, देशागणिक निकष बदलतात. त्यापेक्षा रिव्ह्यू नव्यापासून जुन्याकडे लावा आणि त्यात 'आवाज', 'बांधकाम', 'लिफ्ट', 'गरम पाणी' असे शब्द शोधा. दोन वर्षांपूर्वीची स्तुती काही कामाची नाही. शेजारच्या प्लॉटवर गेल्या महिन्यात पायलिंग, म्हणजे इमारतीच्या पायासाठी जमिनीत खांब घालणं, सुरू झालं असेल तर ते ताज्या रिव्ह्यूमध्येच कळतं. बुकिंग करताना मागच्या बाजूची, लिफ्टपासून लांबची खोली मागते. न मिळाल्यास कानात घालायचे बोळे असतातच. फोटोत टेबल-खुर्ची आहे का तेही बघते. पलंगावर बसून लॅपटॉप चालवला की दुसऱ्या दिवशी पाठ बोलते.

एकट्या प्रवास करणाऱ्यांसाठी, विशेषतः मुलींसाठी: रिसेप्शनवरच्या माणसाने खोलीचा नंबर इतरांना ऐकू जाईल असा मोठ्याने उच्चारला तर सरळ दुसरी खोली मागा, त्यात संकोच कसला? आणि स्टेशन ते हॉटेल हा रस्ता रात्री दहाला कसा असेल, हे मॅपवरच्या रस्त्याच्या फोटोंत आधी बघून ठेवा. दुकानं असलेला लांबचा रस्ता मला जवळच्या सुनसान गल्लीपेक्षा बरा वाटतो.

पैशांचं थोडक्यात. रद्द न होणारं स्वस्त बुकिंग घरच्या सहलीला ठीक, टूरला नको. मीटिंगच्या तारखा सरकतात. बुकिंग साइटवर आधीच पैसे भरले असतील तर हॉटेल कधीकधी खोलीचं बिल द्यायला नकार देतं, कारण पैसे त्यांनी तुमच्याकडून घेतलेलेच नसतात. बिल कोण देणार आणि त्यावर कंपनीचं नाव, कर नोंदणी क्रमांक येणार का, हे बुकिंगआधी विचारा. अकाउंट्सवाले नंतर ऐकत नाहीत.

रात्रभर प्रवास करून सकाळी सातला पोचणार असाल, तर खोली बहुधा दुपारी दोन-तीनलाच मिळते हे लक्षात ठेवा. आदल्या दिवशी हॉटेलला फोन केला तर लवकर खोली मिळण्याची शक्यता वाढते. नाहीच मिळाली तर बॅग रिसेप्शनला ठेवून लॉबीच्या स्वच्छतागृहात कपडे बदलायचे. म्हणून मीटिंगचे कपडे बॅगेत सगळ्यात वर.

शहर नवं असेल तर तिकिटाची आणि रस्त्यांची रीत आधी वाचून ठेवावी. लंडनच्या भुयारी रेल्वेत 2014 पासून साधं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड गेटवर टेकवून जाता येतं, वेगळ्या तिकिटासाठी रांग लावावी लागत नाही. जकार्तात 2016 पासून गर्दीच्या वेळी काही मुख्य रस्त्यांवर सम तारखेला सम आणि विषम तारखेला विषम नंबरच्याच गाड्या चालतात. तिथे क्लायंटने 'गाडी पाठवतो' म्हटलं तर नंबर विचारण्यात गैर काही नाही. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला 200 हून जास्त दरवाजे आहेत. अशा ठिकाणी 'स्टेशनला भेटू' याला अर्थ नसतो, दरवाजाचा नंबर घ्यावा लागतो. चुकीच्या दाराने बाहेर आलात की 10 मिनिटं गेलीच. कॅब बोलावताना मी मुख्य चौकात उभी राहत नाही. जायच्या दिशेने थोडं चालून बाजूच्या रस्त्यावर गेलं की चौकातले दोन सिग्नल वाचतात.

शेवटच्या दिवशी मीटिंगहून थेट विमानतळावर जायचं असेल तर बॅग बरोबर घेऊनच निघते आणि क्लायंटच्या रिसेप्शनला ठेवू देतील का, हे आदल्या दिवशी विचारते. एकदा हॉटेलातच ठेवली होती. मीटिंग लांबली, संध्याकाळचे साडेपाच वाजले, आणि हॉटेलला जायचं म्हणजे पुन्हा एक पूल ओलांडायचा होता. मी विमान गाठलं. बॅग चार दिवसांनी कुरिअरने आली, आणि कुरिअरचं बिल अकाउंट्सने पास केलं नाही.