इंग्रजीतला 'रन' कसा उलगडावा

'रन' म्हणजे धावणे, हे इंग्रजी शिकणाऱ्याला पहिल्या काही धड्यांतच कळते. परंतु 'माय नोज इज रनिंग' हे वाक्य समोर आले की तो अडतो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी या एका क्रियापदाचे तब्बल ६४५ अर्थ वेगळे काढले आहेत. ते पाठ करण्याची मुळीच गरज नाही. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते आणि निकालही लागतो. यातले 'लागणे' आपण कधी यादी करून शिकलो नाही, शेजारचा शब्द पाहूनच ते आपल्याला कळत आले.

म्हणून सर्वप्रथम कर्ता पाहावा. माणूस किंवा घोडा असेल तर तो धावतो. नळाचे पाणी किंवा नाक असेल तर ते वाहते. रस्ता असेल तर तो नदीकाठाने जातो. आणि धुतलेल्या कपड्याचा रंग असेल तर तो जातो, म्हणजे सुटून इतरत्र पसरतो. न थांबता पुढे सरकत राहणे, ही कल्पना या सर्वांच्या मुळाशी आहे.

त्यानंतर वाक्यात कर्म आहे का, हे तपासावे. माझ्या मते मराठी माणसाला सर्वाधिक उपयोगी पडणारी पायरी हीच आहे, कारण आपण 'चालणे' आणि 'चालवणे' अशी दोन वेगळी रूपे वापरतो, तर इंग्रजी दोन्ही ठिकाणी 'रन' हेच रूप ठेवते. 'द मशीन रन्स' म्हणजे यंत्र चालते. 'शी रन्स अ हॉटेल' म्हणजे ती हॉटेल चालवते. 'रन अ टेम्परेचर' मात्र या नियमात बसत नाही. त्याचा अर्थ अंगात ताप असणे, आणि तो तसाच लक्षात ठेवावा लागतो.

तिसरी पायरी म्हणजे क्रियापदाला जोडून येणारा छोटा शब्द. 'रन इन्टू अ फ्रेंड' म्हणजे मित्र अचानक भेटणे, तर 'रन ओव्हर' म्हणजे कोणाच्या अंगावरून गाडी जाणे. क्रिकेटमुळे 'रन आउट' आपल्याला धावबाद म्हणून परिचित आहे, पण 'वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क' याचा अर्थ आमच्याकडचे दूध संपले एवढाच होतो. येथे मराठीत कर्ता दूध असतो आणि इंग्रजीत आपण स्वतः असतो, त्यामुळे शब्दशः भाषांतर करणाऱ्याची हमखास चूक होते.

देशानुसारही फरक पडतो. निवडणूक लढवण्याला अमेरिकेत 'रन' म्हणतात, तर ब्रिटनमध्ये 'स्टँड', जे आपल्या 'निवडणुकीला उभे राहणे' याच्याशी तंतोतंत जुळते.

रूपांबाबत एक दक्षता घ्यावी. भूतकाळी रूप 'रॅन' असले तरी 'हॅव' किंवा 'हॅज' यांच्यानंतर पुन्हा 'रन' हेच येते; 'हॅव रॅन' चुकीचे आहे. सरावासाठी वहीत सुटा अर्थ न लिहिता पूर्ण वाक्य लिहावे, त्यातील कर्ता आणि कर्म अधोरेखित करावे, आणि खाली आपण घरात बोलताना वापरू तेच मराठी क्रियापद नोंदवावे.