कोकणातून डेक्कन कॉलेजात शिकायला जाताना

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून भाषाशास्त्र किंवा संस्कृत घेऊन एमए करायला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात निघालेल्या मुलामुलींना मी आधी या संस्थेचा इतिहास वाचायला सांगते. नुसतं ऐकून, टिपणं काढून तिथे का भागत नाही, ते त्यातून उमगतं.

पेशवाई बुडाल्यावर १८२१मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. दक्षिणा फंडाचा, म्हणजे पेशवाईत विद्वानांना दक्षिणा देण्यासाठी ठेवलेल्या निधीचा पैसा तिच्यासाठी वापरला गेला. पुढे तिचं कॉलेज झालं आणि ते येरवड्याच्या दगडी इमारतीत गेलं. रत्नागिरीत जन्मलेले टिळक तिथे शिकले, मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिथे संस्कृत शिकवत. १९३४मध्ये सरकारने कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थ्यांनी कोर्टात दाद मागितली, आणि १९३९मध्ये ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडलं. माझ्या मते आजच्या डेक्कन कॉलेजचा जन्म तोच. पुरातत्त्वज्ञ सांकलिया, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे, भाषाशास्त्रज्ञ कत्रे ही माणसं तेव्हाच आली.

कत्र्यांनी १९४८मध्ये संस्कृतच्या महाकोशाचं, म्हणजे प्रचंड शब्दकोशाचं काम हाती घेतलं. सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द वेचून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. कोणता शब्द, कुठल्या ग्रंथात, कोणत्या वाक्यात आला, हे त्या चिठ्ठ्यांवर सापडतं. खंडामागून खंड निघाले तरी 'अ'पासून सुरू होणारे शब्द सरता सरत नाहीत. संधी मिळाली तर त्या चिठ्ठ्यांची कपाटं सावकाश बघा. पुराव्याशिवाय अर्थ सांगायचा नाही, ही शिस्त तिथे डोळ्यांना दिसते.

भाषाशास्त्र घेणार असाल तर संस्कृत येत नाही म्हणून घाबरू नका. आणि घरी मालवणी किंवा संगमेश्वरी बोलत असाल तर ती मुळीच लपवू नका. तीच तुमची पुंजी. याच कोशाचे पुढे प्रधान संपादक झालेल्या अ. मा. घाटग्यांनी कुडाळी आणि महाडच्या कुणबी बोलीचा शास्त्रशुद्ध अभ्यास पुस्तकरूपाने केला आहे. ती दोन्ही पुस्तकं जाण्याआधी मिळवून वाचा.

मे महिन्यात घरी असाल तेव्हा जाळ्यांची, माशांची, भातशेतीच्या कामांची नावं फोनवर रेकॉर्ड करा. मात्र आधी बोलणाऱ्याची परवानगी घ्या, आणि वय, गाव, तारीख तिथल्या तिथे लिहून ठेवा. सुटा शब्द पुढे आधार म्हणून चालत नाही. तो ज्या वाक्यात आला ते आख्खं वाक्य टिपा.