आखाडात कलेजी-पेटा करणार असाल तर आधी हे वाचा

मागच्या आखाडात दाजींसमोर माझी पार शोभा झाली म्हणून लिहितोय. ताट वाढलं, दाजींनी पहिला घास घेतला आणि कचकच असा आवाज आला, मला पंगतीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. पेटा, म्हणजे कोंबडीच्या पोटातली दाणे दळायची जाड पिशवी, गावरान कोंबडीचा होता आणि आतली पिवळी साल मी काढलीच नव्हती. दाजींनी गपचूप कडेला काढून ठेवलं, बहीण मात्र अजून बोलतीय.

आधी हिशोब. एका कोंबडीत कलेजी एक, पेटा एक, दिल एक, एवढंच निघतंय. दहा माणसांना सुक्कं पुरवायचं तर अर्धा किलो कलेजी न् अर्धा किलो पेटा वेगळा लागतो आणि तो शनिवारीच सांगून ठेवा. सांगलीत आखाडातल्या रविवारी दहाला गेलात तर नुसती लाइन बघायला मिळेल. हळद, मीठ, आलं-लसूण, घरची चटणी हे काय सांगायला नको.

घरची कोंबडी असेल तर आदल्या रात्री डालग्याखाली झाकताना दाणा टाकू नका, नुसतं पाणी ठेवा, नायतर सकाळी गळ्यातली पिशवी दाण्यानं टम्म असती आणि कापताना सगळीकडं सांडतंय.

आता पेटा. कोंबडीला दात नसतात, ती खडे गिळती आणि त्या खड्यांनी पेट्यात दाणे दळले जातात, म्हणजे ते तिचं जातंच आहे. ब्रॉयलरला आयतं बारीक खाद्य मिळतंय म्हणून खडे जवळजवळ नसतात, पण साल असतीच, ती काढा. कडेनं सुरी घालून उभा चिरायचा, पार दोन तुकडे नाही, उघडायचा, आतली घाण ओतून नळाखाली धुवायचा. मग आत पिवळसर, सुरकुतलेली, चामड्यासारखी साल दिसती, तिच्या कडेला नख घालून ओढायची, नीट धरली तर मोज्यासारखी अख्खी निघती, बोटं सटकत असतील तर जरा मीठ लावा. मी काय केलं, धुतलं, साफ दिसलं, टाकलं कुकरात. ती साल मऊ पडत नाही हो, कितीही शिट्ट्या द्या. साल काढा.

कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी म्हणजे पित्त. दुकानातनं बहुतेक काढूनच येतंय, तरी बघा. ओढू नका, थोडी कलेजी गेली तर जाऊ दे, बाजूनं कापून टाका. फुटलंच तर हिरवा झालेला तुकडा सरळ फेका, धुवून कडूपणा जात नाही.

दोन्ही एकत्र शिजवायचं नाही. पेटा आणि दिल हळद-मीठ घालून कुकरला, ब्रॉयलरचा असेल तर चार-पाच शिट्ट्या, गावरान सात-आठ, तरी एक तुकडा दाबून बघाच. कलेजी एकदम शेवटी, मसाल्यात पाच-सात मिनिटं. जास्त ठेवली की खडूसारखी होती, पण आतनं लाल असताना उतरवायचा शहाणपणा पण नको, पोटं बिघडतात. थर्मामीटर असला तर आत 74 अंश यायला पाहिजे.

युरिक अ‍ॅसिडवाल्या मामांना आग्रह करू नका. घरात कुणी गरोदर असेल तर तिला कलेजी नकोच, त्यात व्हिटॅमिन ए फार असतंय.

मान, पाय रश्श्याला. कांदा-खोबरं भाजून वाटण, कोथिंबीर, भाकरी, झालं. उरलं तर फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवा, कच्चं पण दोन दिवसांच्या वर नको.

आणि दुकानदार म्हणाला साफ करून दिलाय, तरी घरी येऊन एकेका पेट्याला नख घालून बघा. यंदा पण दाजीच यायचेत.